तिसरा मजला, लाकडी जिना आणि आईचं कपाट

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय.

येत्या महिन्यात परळहून गिरगावात राहायला जातोय. इमारत जुनी, उपकरप्राप्त (म्हाडाच्या दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. खोली अर्थात तिसऱ्यावर. हलक्या सामानाची काळजी नाही, चार गोष्टींची आहे: २६० लिटरचा दोन दारांचा फ्रिज, पुढून कपडे टाकायचं ७ किलोचं वॉशिंग मशीन, सागवानी पलंग आणि आईचं लोखंडी कपाट.

सामान हलवणाऱ्यांचा माणूस काल जिना बघून गेला. पहिल्या लँडिंगवरच मान हलवली. म्हणाला, "मॅडम, कपाट भंगारात द्या, हल्ली खोलून जोडायचं मिळतं." आई शेजारीच उभी होती. पुढचा संवाद इथे लिहीत नाही.

मापं घेतली आहेत. जिना लाकडी, मजल्याच्या अर्ध्यात उलटा वळतो. भिंत ते कठडा ३४ इंच. अर्ध्यातली लँडिंग ३४ इंच खोल आणि ७२ इंच लांब. दोन जिन्यांच्या मध्ये, वळणावर, कठड्याचा जाड खांब, त्यावर नारळाएवढा लट्टू. कपाट ७८ इंच उंच, ३६ रुंद, १९ खोल. १९७८ सालचं, एका दाराला आरसा. खोलता येत नाही, सगळं वेल्डिंग.

होईल का? कोणी केलंय का?

रिकामटेकडी
मी वाचतेय. आमचाही दिवाण आहे.

मुगभाटातला_नाना
ताई, न व्हायला काय झालं? त्याच जिन्याने पन्नास वर्षं लोकांची कपाटं वर गेली आहेत. तुमच्या शेजाऱ्यांकडे डोकावा, प्रत्येकाच्या खोलीत एक लोखंडी कपाट सापडेल. ते काय खिडकीतून उडत आलं?

त्या माणसाला जमत नाही असं नाही, त्याला करायचं नाही. पॅकर्सची मुलं खोकी उचलण्यात तरबेज. चाळीच्या जिन्याला मार्केटातला हमाल लागतो. मूळजी जेठा मार्केटच्या बाजूला सकाळी जा. कापडाच्या गाठी वाहणारी माणसं आहेत, जुन्या इमारतींचे जिने त्यांच्या पायाखालचे.

कर्जत_लोकल
मी गेल्या वर्षी फ्रिज आणि मशीन दोन्ही चौथ्या मजल्यावर चढवलंय, तेवढ्यापुरतं सांगतो.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ पूर्ण वितळू द्या. मागे खाली, कॉम्प्रेसरच्या वर, एक पसरट ट्रे असतो. त्यात पाणी साचतं आणि कोणी बघत नाही. जिन्यात फ्रिज कलला की ते पाणी खालच्या माणसाच्या मनगटावरून कोपरापर्यंत जातं आणि तो दचकतो. आमचा दचकला होता. आतल्या काचा, कप्पे काढून वेगळे बांधा. दारं चिकटपट्टीने बंद करा, पण हँडलला दोर लावून उचलू नका, आणि मागच्या नळ्यांना तर नाहीच. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए हा वायू असतो, तो पेट घेणारा आहे. नळी चेमटली तर नुसता फ्रिज बाद झाला एवढ्यावर भागत नाही.

न्यायचा उभाच. जिन्यात थोडा कलणार, ते चालतं. आडवा झोपवला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं आणि लगेच चालू केलात तर कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. नाइलाजाने आडवा केलाच तर निदान जितका वेळ आडवा होता तितका वेळ उभा ठेवून मग बटण दाबा. मी रात्रभर ठेवला.

मशीनचं वेगळंच आहे. पुढून उघडणाऱ्या मशीनच्या पोटात सिमेंटचे ठोकळे असतात, ड्रम फिरताना मशीन नाचू नये म्हणून. म्हणून ते दिसतं त्याच्या दुप्पट जड. ड्रम स्प्रिंगांवर लोंबत असतो. नवीन आलं तेव्हा मागे लांबलचक बोल्ट होते ना, बसवायला आलेल्या माणसाने काढून हातात दिलेले? ते परत लावूनच हलवायचं. नाहीतर प्रत्येक पायरीला ड्रम आतून आपटतो.

तिसरा_मजला
बोल्ट... पिशवीत घालून "महत्त्वाचं" असं लिहून ठेवले होते एवढं आठवतंय. पिशवी कुठे ठेवली ते नाही.

कर्जत_लोकल
सगळ्यांच्या घरी ती पिशवी हरवलेलीच असते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर सांगा, सुटे मिळतात. आणि खाली कोपऱ्यात फिल्टरचं झाकण असतं, ते उघडून उरलेलं पाणी परातीत काढा. लाकडी पायरीवर साबणाचं पाणी म्हणजे काय ते सांगायला नको.

फूटपट्टी
कपाटाबद्दल. मी जिने काढून पोट भरतो (कागदावर), तेव्हा हा प्रश्न सोडून देववत नाही.

सगळे घाबरतात ते "एवढं लांब धूड वळणार कसं" म्हणून. आडवं वळणारच नाही. तुमची लँडिंग ७२ इंच लांब आणि कपाट ७८, ते आडवं तिथे मावतच नाही. पण वळवायचंय कोणाला?

असं बघा. चढताना कपाट कुशीवर, म्हणजे १९ इंची बाजू जिन्याच्या रुंदीत आणि ३६ उंचीत. पाठीवर झोपवलंत तर ३६ इंच ३४ च्या जिन्यात जाणार नाही. डोकं वरच्या दिशेला, बूड खाली. लँडिंगवर आलात की उभं करा. लँडिंगवर डोक्यावरची उंची पूर्ण मजल्याएवढी मिळते, जुन्या इमारतीत १० फूट सहज, तेव्हा उभं राहायला अडचण नाही. आता ते उभंच्या उभं बाजूला सरकवा, पुढच्या जिन्यासमोर आणा आणि डोकं त्या जिन्याकडे कलवा. संपलं. कपाट एक अंशही फिरलं नाही, फक्त पुढे टेकलेलं डोकं मागे टेकलं.

मुगभाटातला_नाना
आणि लट्टू?

फूटपट्टी
हं. लँडिंग ३४ खोल, कपाट ३६. म्हणजे भिंतीला चिकटवलं तरी २ इंच पायरीवर लोंबणार, आणि बाजूला सरकवताना तो खांब बरोबर त्या २ इंचांत येणार. खांबाचा वरचा भाग बहुतेक खुंटीवर बसवलेला असतो. सुताराकडून तात्पुरता काढून घेता येईल का? किंवा सरळ २ इंच तासा.

माहेरची_परळकर
तासा म्हणे! तो खांब काय ताईंच्या मालकीचा आहे का? सगळ्या इमारतीचा जिना आहे तो. पोरं त्याला धरून वळतात, म्हातारी माणसं त्याच्यावर भार टाकून श्वास घेतात. उद्या हलायला लागला तर?

तिसरा_मजला
तासणार नाही. नव्या घरी पहिल्याच दिवशी घरमालक आणि अख्खा मजला अंगावर घ्यायचा नाहीये.

बारदान
जिन्याखाली किंवा लँडिंगवर म्हाडाच्या दुरुस्तीवाल्यांनी लावलेले टेकू असतील तर त्यांनाही धक्का लावू नका, "जरा बाजूला घेतो" असं हमाल म्हणाले तरी. आमच्या इथे एकाने घेतला होता बाजूला. जिना पडला नाही, पण वरच्या पायऱ्यांनी जो आवाज केला तो ऐकून सगळे बाहेर आले.

गॅलरीवाला
इतका खटाटोप कशाला? गॅलरीतून ओढून घ्या. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत कप्पी लावून सोफा चढवला होता. अर्धी चाळ खाली, अर्धी वर, सगळे हैश्या हैश्या करतायत. पंधरा मिनिटांत काम.

फूटपट्टी
गॅलरीवाला, कप्पी टांगली कशाला होती?

गॅलरीवाला
वरच्या मजल्याच्या गॅलरीच्या वाशाला.

फूटपट्टी
तो सोफा होता, आणि वासा तेव्हा तरुण होता. एका कप्पीवरून ८० किलोची वस्तू खालून ओढली तर कप्पीच्या हुकावर ८० नाही, १६० किलो येतात: एका बाजूला वस्तू लोंबतेय, दुसऱ्या बाजूला तुम्ही तितक्याच जोराने ओढताय. त्यात हिसका बसला की आणखी. जुन्या गॅलरीचे वासे भिंतीतून बाहेर काढलेले असतात आणि भिंतीत शिरतात तिथेच पावसाने कुजतात. वरून रंग ताजा असतो, त्यामुळे कळत नाही. शिवाय हल्ली गॅलऱ्यांसमोर केबलच्या तारांचं जाळं आहे. मी करणार नाही, कोणाला सांगणारही नाही.

गॅलरीवाला
बरं बाबा. आठवण सांगितली.

माहेरची_परळकर
अवांतर: गोदरेजची सुरुवात आमच्या लालबागेतली बरं का, १८९७ ची, कुलपांपासून. कपाटं नंतर आली. आमच्याकडे मात्र कुठल्याही कंपनीचं लोखंडी कपाट असलं तरी "गोदरेज" म्हणायचे. सासूबाई अजून म्हणतात, "गोदरेजमध्ये ठेव". कपाट उल्हासनगरचं आहे.

मुंबई_उपनगर_१
लिफ्ट असलेल्यांनी खूश होऊ नये. आमच्या लिफ्टवर ६ माणसं, ४०८ किलो असं लिहिलंय, म्हणजे माणशी ६८ धरलेत. कपाटाचं वजन सहज बसतं. पण कपाट काही बसत नाही, आणि सेक्रेटरी बसवू देत नाही. शेवटी आम्हीही जिन्यानेच.

बारदान
पैसे आधी बोलून घ्या. मजल्यामागे किती, नगामागे किती, "वळणाचे वेगळे" आहेत का. मध्येच दुसऱ्या मजल्यावर कपाट टेकवून भाव सुरू झाला की तुमच्या हातात काही राहत नाही. आणि खरंच कष्टाचं काम आहे, घासाघीस करू नका. आमचे वडील माथाडी होते. १९६९ चा माथाडी कायदा व्हायच्या आधी पाठीवर ओझं वाहणाऱ्याला ना रजा, ना फंड, काही नव्हतं हे त्यांच्याकडून ऐकलंय. पाठ एकच असते, असं म्हणायचे.

तिसरा_मजला
धन्यवाद बारदान. नानांच्या सांगण्यावरून काल सकाळी मार्केटकडे गेले होते. एक मुकादम मामा मिळाले, पाटण तालुक्यातले, साठीचे असावेत. संध्याकाळी जिना बघायला आले. मी टेप पुढे केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." भिंतीपासून लट्टूपर्यंत वीत टाकत गेले: चार वितींना थोडं कमी. मग परळला येऊन कपाटावर वीत टाकली: चार भरल्या. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "आक्का, जातंय. कप्पे तेवढे काढून ठिवा."

फूटपट्टी, तुमचा २ इंचांचा हिशेब मी त्यांना सांगितला. ते हसले फक्त. रविवारी येतायत.

फूटपट्टी
कसं करणार ते विचारलं नाहीत का?? दोन दिवस झोप नाही येणार मला.

रिकामटेकडी
रविवारी सविस्तर लिहा हं. फोटोसकट.

तिसरा_मजला
झालं. फोटो नाहीत, कारण दोन्ही हात कायम काहीतरी धरत होते. लांबलचक लिहितेय, सहन करा.

सकाळी साडेसातला टेम्पो निघाला. मामा आणि चौघं. त्यांनी कपाट आधी घ्यायचं म्हटलं होतं, जिना कोरडा आणि माणसं ताजी असताना. टेम्पोत मात्र कपाट सगळ्यात आत आणि फ्रिज दाराशी, म्हणून फ्रिज आधी गेला. चूक आमची, भरताना लक्ष दिलं नाही. फ्रिजला काही त्रास झाला नाही. एकाने रुंद पट्टा खांद्यांवरून घेऊन फ्रिज पाठीला लावला, दुसरा खालून आधार देत गेला. ट्रे आदल्या रात्री रिकामा केला होता, कर्जत_लोकल यांच्या कृपेने. वर नेऊन खोलीच्या मधोमध ठेवला. हे मधोमध लक्षात ठेवा.

मशीनचे बोल्ट सर्व्हिस सेंटरने दिले. पिशवी परवा सापडली, देव्हाऱ्याखालच्या खणात. पाणी काढलं होतं तरी नळीत थोडं उरलं होतं, ते पहिल्या मजल्याच्या चौथ्या पायरीवर सांडलं. मामांनी सगळ्यांना थांबवलं, गोणपाटाने पायरी पुसायला लावली आणि स्वतः पाय घासून बघितला, मगच पुढे. पलंग सुट्टा करून गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता कपाट. कप्पे काढले, दारं कुलूप लावून वर दोन ठिकाणी दोरखंडाने आवळली, आरशावर गादी बांधली. दोघं वर, दोघं खाली. चौघांत जे दणकट ते खाली. मी विचारलं तर मामा म्हणाले, "वरचा वाट दावतो, खालचा वझं घेतो." कुशीवर, डोकं वर, अगदी फूटपट्टी म्हणाले तसं पहिल्या लँडिंगपर्यंत. तिथे उभं केलं. दोन इंच बाहेर, लट्टू समोर. मी श्वास धरून.

इथे त्यांनी जे केलं ते असं. कपाट लँडिंगवर पूर्ण टेकवलंच नाही. ते अजून पहिल्या जिन्यासमोरच होतं, लट्टूच्या अलीकडे, आणि तिथे मागे पायऱ्यांवरची मोकळी हवा आहे. खालच्या दोघांनी बुडाची बाहेरची कड हातावर पेलून धरली, मामांनी कपाटाला मिठी मारली, आणि "टाच फिरवा, टाच फिरवा" म्हणत उभं कपाट जागच्या जागी पाव वळण फिरवलं. फिरताना त्याचा एक कोपरा पायऱ्यांवर हवेत होता, खाली दोन माणसांच्या तळहाताशिवाय काही नाही. फिरल्यावर लट्टूच्या बाजूला ३६ ऐवजी १९ आले. मग कपाट गोणपाटावर ठेवून लट्टूसमोरून निवांत सरकवलं, पलीकडे गेल्यावर परत तसंच पाव वळण, अर्धं पुढच्या पायऱ्यांवर. मग डोकं कलवलं आणि चला.

पहिल्या लँडिंगला बारा-पंधरा मिनिटं गेली, तिसऱ्यापर्यंत हात बसला आणि तीन-चार मिनिटांत झालं. दुसऱ्या मजल्यावर एक आजी दारात चहाची किटली घेऊनच उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमचं असंच आलं होतं. तेव्हाही मीच चहा केला होता."

फूटपट्टी
३६ आणि १९ चा कर्ण ४०.७. लँडिंग ३४. म्हणजे लँडिंगच्या आत फिरणं अशक्यच, म्हणून मी तो पर्याय सोडूनच दिला होता. जिना हीसुद्धा जागा आहे हे मला सुचलं नाही. मी पायऱ्यांना भिंत धरून बसलो होतो. मामांना नमस्कार सांगा.

मुगभाटातला_नाना
सांगत होतो मी. 😄

कर्जत_लोकल
फ्रिज मधोमध लक्षात ठेवला आहे. पुढे?

तिसरा_मजला
हो, ते राहिलंच. कपाट दारातून आत आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठेवायची जागा आईने आधीच ठरवली होती, माळ्याखालचा कोपरा. माळ्याखाली उंची ७९ इंच, मी स्वतः मोजलेली. कपाट ७८. एक इंच शिल्लक, खुशीत होते.

कोपऱ्यात पाठीवर टेकवून उभं करायला गेले आणि अर्ध्यात कपाटाचं डोकं माळ्याच्या कडेला लागलं. मामा पहिल्यांदाच दिवसभरात चिडले. माझ्यावर नाही, माळ्यावर.

फूटपट्टी
अरे देवा. ७८ आणि १९ चा कर्ण. ८०.३. उभं होताना तेवढं लागतंच. जिन्यावर डोकं फोडण्याच्या नादात खोलीचं विचारायचं मी विसरलो.

तिसरा_मजला
तुम्हीच कशाला, आम्ही सहा माणसं आणि एक आई, कोणालाच सुचलं नाही. मग माळा नसलेल्या भागात उभं करून उभंच आत सरकवायचं ठरलं. तो भाग म्हणजे खोलीचा मधला. जिथे फ्रिज होता. फ्रिज दाराबाहेर गॅलरीत, कपाट मध्ये उभं, चारी पायांखाली गोणपाट, आणि मग इंचाइंचाने माळ्याखाली. वर उरलेल्या त्या एका इंचातून मी हात घालून बघितला, जळमट होतं.

फ्रिज परत आत. त्या गडबडीत तो दारात बराच कलला, म्हणून अजून लावलेला नाही. दूध शेजारच्यांकडे आहे.

माहेरची_परळकर
आई खूश?

तिसरा_मजला
दोर सुटायच्या आत किल्ली मागत होती.

रिकामटेकडी
तिसरा_मजला, मामांना निरोप पोचवता येईल का? दिवाण ७२ × ३६, आत सामान ठेवायचा, झाकणाला गॅसचे दांडे आहेत. चौथा मजला, लँडिंग ३२.

तिसरा_मजला
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मामा सकाळी आठच्या आत भेटतात, नंतर गाठींमागे असतात. दांडे आधी सुताराकडून काढून घ्या, आणि माळा आहे का तुमच्याकडे?

रिकामटेकडी
आहे. मोजते.